घटक ४ : बाजाराचा भाव आणि कर्जाची मुदत
(बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात)

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास :
• कर्जाचा करार आणि बाजारावर अवलंबून असलेले उत्पन्न यांतील मूलभूत फरक सांगता येईल.
• सरळव्याज, चक्रवाढव्याज व घटत्या शिलकेवरील व्याज यांची तुलना करता येईल.
• उसने पैसे घेऊन बाजारात उतरण्यातील जोखीम आकडेमोडीने स्पष्ट करता येईल.
• स्वतःच्या कुटुंबाचे वार्षिक अंदाजपत्रक मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीत ‘पत’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. माणसाची समाजातील प्रतिष्ठा ही त्याची पत आणि त्याला कर्ज मिळण्याची योग्यता हीही त्याची पतच. पतपुरवठा, पतसंस्था हे शब्द दुसऱ्या अर्थातून आले. परंतु हप्ता थकला की माणसाला जे सोसावे लागते, ते पहिल्या अर्थातले असते. म्हणूनच कर्जाचा विचार आकड्यांपुरता करून भागत नाही.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती किंवा दुकान सांभाळून शिक्षण घेत आहेत. पीककर्ज, मोटारसायकलचा हप्ता, बचत गटाचे कर्ज, मोबाइलवर मिळणारे झटपट कर्ज यांपैकी काही ना काही आपल्या परिचयाचे असेल. गेल्या काही वर्षांत शेअर बाजारातील व्यवहारही मोबाइलमुळे गावोगाव पोहोचले आहेत. कर्ज आणि बाजार या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडते, हे या घटकात पाहावयाचे आहे. त्यासाठी प्रथम आपल्याच परिसरातील एका ऐतिहासिक घटनेकडे वळू.

४.२ सुपे, १२ मे १८७५

आजच्या बारामती तालुक्यातील सुपे हे एकोणिसाव्या शतकात मोठे बाजाराचे गाव होते. अनेक दुकानदार व सावकार तेथे राहत. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी तेथे जमले. त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जखते मागितली व हाती आलेली खते जाळून टाकली. धान्याची दुकाने लुटली गेली, काही ठिकाणी घरांना आगी लावल्या गेल्या. उठावाचे हे लोण पुणे जिल्ह्यातून अहमदनगर जिल्ह्यात पसरले. इतिहासात ही घटना ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ओळखली जाते.

शेतकऱ्यांचा मुख्य रोख कागदांवर होता, ही बाब लक्षणीय आहे. जमीन हातची जाणार ती या कागदाच्या आधारे, हे त्यांना ठाऊक होते. हा कागद इतका भयंकर का झाला, याची कारणे त्याआधीच्या पंधरा वर्षांत सापडतात.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेतून होणारा कापसाचा पुरवठा जवळजवळ थांबला. गिरण्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. कापसाचे भाव चढले. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी गावोगावच्या सावकारांना पैसा पुरवला आणि सावकारांनी तो शेतकऱ्यांना सढळ हाताने दिला. कापसाखालील प्रत्येक एकरामागे शंभर रुपयांपर्यंत उचल मिळू लागली. १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि येथील भाव कोसळले. सावकारांनी नवी उचल देणे थांबवले व जुनी बाकी मागण्यास सुरुवात केली.

नेमक्या याच काळात सरकारी साराही वाढला. मुंबई इलाख्यातील नव्या पद्धतीची जमीन मोजणी व आकारणी १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून सुरू केली होती. तिची मुदत तीस वर्षांची होती. ती संपताच फेरआकारणी झाली आणि अनेक गावांचा सारा मोठ्या प्रमाणात वाढला. भाव उतरले, सारा चढला आणि उसनवारीची वाट बंद झाली.

या घटनाक्रमातून या घटकाचे मुख्य सूत्र हाती येते. बाजाराचा भाव कोणी ठरवून देत नाही. कर्जाची मुदत मात्र कागदावर ठरलेली असते. भाव चढता असताना केलेला करार भाव उतरल्यानंतरही पूर्ण करावा लागतो. अनिश्चित उत्पन्नाच्या भरवशावर निश्चित देणे स्वीकारणे हे कर्जबाजारीपणाचे मूळ होय.

४.३ व्याज कसे वाढते?

१८५९ च्या मुदतीच्या कायद्यानुसार कर्जखताची मुदत तीन वर्षांची ठरवण्यात आली. थकलेले व्याज फार काळ साचू नये, हा या कायद्याचा हेतू होता. प्रत्यक्षात उलटे घडले. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेई आणि त्यात जुने मुद्दल व थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल धरले जाई.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने १,००० रुपये दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने घेतले. तीन वर्षांत व्याज झाले ७२० रुपये. तो काहीच फेडू शकला नाही, म्हणून नवे खत १,७२० रुपयांचे झाले. आणखी तीन वर्षांनी ते सुमारे २,९५८ रुपयांचे आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस सुमारे ५,०८८ रुपयांचे झाले. शेतकऱ्याने नवा एक रुपयाही घेतलेला नाही, तरी देणे पाचपट झाले. व्याजावर व्याज चढणे म्हणजे चक्रवाढ, ती हीच.

आपल्याकडील जुना ‘दामदुप्पट’ नियम याच ठिकाणी उपयोगी पडतो. या नियमानुसार एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये. हजारावर फार तर हजार. दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. खतात लिहिलेल्या रकमेवर न थांबता मूळ व्यवहार काय होता, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांना त्याने दिला. आजच्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्येही सावकाराला मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करण्यास मनाई आहे आणि परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. अशा प्रकरणी तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

आता आजच्या हप्त्यांचा विचार करू. विक्रेता म्हणतो, “व्याज फक्त बारा टक्के.” हे बारा टक्के कशावर, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. एक लाख रुपये दोन वर्षांसाठी, मूळ रकमेवर सरसकट बारा टक्क्यांनी घेतले, तर व्याज २४,००० रुपये आणि मासिक हप्ता सुमारे ५,१६७ रुपये होतो. वास्तविक पहिल्या हप्त्यापासून आपण मुद्दल परत करत असतो. शेवटच्या महिन्यांत आपल्याकडे त्यातील फारच थोडे उरलेले असते. तरीही व्याज पूर्ण लाखावर आकारले जाते. घटत्या शिलकेच्या हिशेबाने हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून दोन कर्जांची तुलना करताना प्रक्रिया शुल्कासह येणारा वार्षिक प्रत्यक्ष दर विचारावा. बँका व वित्तसंस्थांनी किरकोळ कर्जदाराला हा दर आणि सर्व आकार दाखवणारे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. सही करण्यापूर्वी ते मागून घ्यावे व घरी नेऊन वाचावे.

४.४ कोणते कर्ज, कोणत्या कामासाठी?

कर्ज हे सरसकट वाईट नसते. पेरणीच्या वेळी मिळालेले पीककर्ज हंगाम उभा करते. या कर्जावर वेळेत परतफेडीची सवलत मिळते. केंद्राच्या योजनेनुसार तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर सात टक्के असून मुदतीत फेड केल्यास तीन टक्के सूट मिळते. म्हणजे तीन लाखांवर वर्षाला २१,००० ऐवजी १२,००० रुपये व्याज पडते. राज्य शासनाच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे उरलेला भारही उतरतो. येथे तारीख पाळण्याचे मोल रोख रुपयांत मोजता येते. मुदत चुकली की सवलत जाते आणि पुढील हंगामाचे कर्जही अडते.

कर्ज घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या पैशातून उत्पन्न निर्माण होणार आहे काय? ते उत्पन्न हप्त्याच्या तारखेपूर्वी हाती येणार आहे काय? आणि ते आले नाही, तर हप्ता कोठून भरणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘दुसरे कर्ज काढून’ असे असेल, तर पहिले कर्ज घेऊ नये.

जामीनकीविषयी येथे स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. भावकीत किंवा मित्रमंडळीत “फक्त सही कर” असे सहज म्हटले जाते. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. जे कर्ज आपण स्वतः फेडू शकणार नाही, त्यास जामीन राहणे म्हणजे स्वतःची पत दुसऱ्याच्या हवाली करणे होय.

मोबाइलवरील कर्जांबाबत एवढे ध्यानात ठेवावे : कर्ज देणारी बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था कोणती, हे स्पष्ट सांगितलेले असले पाहिजे आणि रक्कम थेट आपल्याच खात्यात जमा झाली पाहिजे. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आपल्या संपर्कयादीतील लोकांना फोन करून बदनामी करणे तर सर्वस्वी नियमबाह्य आहे. अशा वेळी भीतीपोटी नवे कर्ज काढू नये. संस्थेकडे लेखी तक्रार करावी, दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे आणि धमकी दिली गेल्यास पोलिसांकडे जावे.

४.५ उसन्या पैशाने बाजार

१८६२ च्या सुमारास कापसासाठी उचल घेणारा शेतकरी मूर्ख नव्हता. भाव खरोखरच चढत होते. त्याच्या जागी कोणीही तेच केले असते. चढता बाजार प्रत्येकाला आपण हुशार आहोत असे भासवतो. त्यामुळेच आजच्या बाजाराकडे पाहताना तो शेतकरी डोळ्यांसमोर ठेवावा.

समजा, आपल्याजवळ एक लाख रुपये आहेत. चार लाख उसने घेऊन आपण पाच लाखांचे शेअर घेतले. भाव दहा टक्के चढला, तर ५०,००० रुपये मिळाले; स्वतःच्या लाखावर पन्नास टक्के नफा! परंतु भाव दहा टक्के उतरला, तर ५०,००० रुपये गेले आणि वीस टक्के उतरला, तर आपला सगळा लाख गेला. चार लाखांचे कर्ज व त्यावरील व्याज मात्र शिल्लक राहिले. उसना पैसा नफा वाढवतो, तसाच तोटाही वाढवतो. शिवाय तोटा भरून काढणे अधिक अवघड असते. लाखाचे पन्नास हजार होण्यास पन्नास टक्के घसरण पुरते. पन्नास हजारांचे पुन्हा लाख होण्यास मात्र शंभर टक्के वाढ लागते.

फ्युचर्स आणि ऑप्शन्स या व्यवहारांत ही जोखीम सर्वाधिक असते. थोडी रक्कम भरून मोठ्या किमतीचा करार करता येतो आणि त्या कराराला मुदत असते. ऑप्शन विकत घेणाऱ्याने भावाची दिशा बरोबर ओळखणे पुरेसे नाही. तो बदल मुदत संपण्याच्या आत घडावा लागतो. भाव अनिश्चित आणि तारीख निश्चित, हे आपले सूत्र येथे सर्वांत कठोर रूपात दिसते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. व्यवहार खर्चासह त्यांचा सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये होता. दोन एकर उसाचे बिल आणि हा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

याचा अर्थ शेअर बाजार त्याज्य आहे, असा नाही. स्वतःची, पाच-सात वर्षे लागणार नाही अशी रक्कम थोडी थोडी करून विविध कंपन्यांत किंवा म्युच्युअल फंडात गुंतवणे हा वेगळा व्यवहार आहे. त्यात भाव उतरला तरी विकण्याची सक्ती करणारी तारीख आपल्या डोक्यावर नसते. मात्र “दरमहा ठरावीक परतावा मिळवून देतो” असे शेअर बाजाराच्या नावावर सांगणाऱ्याच्या हाती पैसे देऊ नयेत. बाजारात ठरावीक परतावा नसतो. तो देण्याचे वचन हीच फसवणुकीची खूण होय. ठेवींबाबतही फरक जाणून घ्यावा. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते संरक्षण लागू नाही.

शेतमालाच्या बाजारातही तारखेचा दबाव कमी करता येतो. सुगीत सर्वांचा माल एकदम येतो व भाव पडतो. परंतु देणी थांबत नाहीत, म्हणून माल विकावा लागतो. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के दराने सहा महिन्यांसाठी मिळू शकते. भाव चढेलच याची हमी ही योजना देत नाही. फक्त थांबण्याची सवड देते.

४.६ घरचे अंदाजपत्रक

नीरा डाव्या कालव्यामुळे या दोन्ही तालुक्यांतील मोठ्या क्षेत्रात ऊस आला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती यांसारख्या साखर कारखान्यांच्या बिलांवर येथील असंख्य घरांचा हिशेब चालतो. उसाचे पैसे एकरकमी मोठे येतात, खर्च मात्र रोजचा असतो. बिल हाती आल्याच्या आठवड्यात घेतलेले निर्णय म्हणूनच वर्षभर सुख किंवा दुःख देतात.

एक काल्पनिक कुटुंब घेऊ. दोन एकर आडसाली ऊस, उत्पादन ९० टन, भाव टनाला ३,००० रुपये धरला, तर बिल २,७०,००० रुपये. त्यातून सोसायटीची कपात १,१०,००० रुपये. हाती आले १,६०,०००. या क्षणी मोटारसायकलच्या हप्त्याची जाहिरात अगदी परवडणारी वाटते. आता पुढे मोजू. पुढील पिकाच्या मशागतीसाठी ६०,००० बाजूला ठेवले. उरले एक लाख. आडसाली उसाला सोळा महिने धरले, तर महिन्याला ६,२५० रुपये आले. दुधाचा पगार खर्च वजा जाता महिन्याला ९,०००. एकूण १५,२५०. घरखर्च, शाळा, औषधपाणी मिळून १५,०००. शिल्लक २५० रुपये. मोटारसायकलचा हप्ता आहे ३,५०० रुपयांचा. बिलाकडे पाहून परवडणारी वस्तू महिन्याकडे पाहिले असता परवडत नाही.

अंदाजपत्रक मांडताना पुढील क्रम पाळावा.

१. सर्व देणी एका कागदावर लिहावीत : कोणाचे, किती, कोणत्या दराने, कोणत्या तारखेला.
२. अचानक उद्भवणाऱ्या खर्चासाठी किमान तीन महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा साठवावा. हा साठा नसेल, तर प्रत्येक आजारपण नवे कर्ज होते.
३. सर्व कर्जांचे किमान हप्ते वेळेवर भरून, जादा रक्कम सर्वाधिक दराच्या कर्जावर टाकावी. छत्तीस टक्क्यांचे कर्ज फेडणे म्हणजे छत्तीस टक्क्यांचा खात्रीचा नफा. असा नफा कोणताही बाजार हमीने देत नाही.
४. कमावत्या व्यक्तीचा मुदत विमा व कुटुंबाचा आरोग्य विमा उतरवावा.
५. त्यानंतर उरलेल्या पैशातूनच गुंतवणूक करावी.

तारखा आपल्या बाजूनेही असतात, हे विसरू नये. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत कारखान्याने रास्त व किफायतशीर दराची रक्कम देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास वार्षिक पंधरा टक्के व्याज देय होते. वजनपावत्या व बिले यासाठीच जपून ठेवावीत.

४.७ वैयक्तिक शिस्तीच्या मर्यादा

दख्खनच्या दंग्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने मुख्य दोष सावकारांकडे दिला. वाढलेला सारा हे कारण मानण्यास सरकार तयार नव्हते. आजही कर्जबाजारी माणसाला “खर्च जास्त केलास” असे ऐकवणे सोपे असते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरेच. पण दुष्काळात, गारपिटीत किंवा भाव कोसळल्यावर अंथरूणच आखूड होते. अशा संकटात सापडलेल्या कुटुंबाने देणे लपवू नये. हप्ता थकण्यापूर्वी बँकेकडे लेखी अर्ज करून मुदतवाढ किंवा पुनर्गठन मागणे हा लाजिरवाणा प्रकार नाही. नैसर्गिक आपत्तीत पीककर्जाच्या पुनर्गठनाची तरतूद त्यासाठीच आहे. कर्ज ही आर्थिक जबाबदारी आहे. माणसाच्या जिवाची किंमत नव्हे. घरातील चार माणसांसमोर देण्याचा कागद मांडणे ही सुटकेची पहिली पायरी आहे.

४.८ सारांश

बाजाराचा भाव अनिश्चित असतो व कर्जाची मुदत निश्चित असते. १८६० च्या दशकातील कापसाच्या तेजीत हा फरक दृष्टीआड झाला आणि त्याचे पर्यवसान १८७५ मध्ये सुप्याला खते जाळण्यात झाले. व्याजाचा खरा दर, जामीनकीची जबाबदारी आणि परतफेडीची तारीख समजून घेतल्याशिवाय सही करू नये. उसन्या पैशाने बाजारात उतरू नये. एकरकमी उत्पन्नाची महिन्यांवर विभागणी करूनच खर्चाचा निर्णय घ्यावा. सुप्याच्या शेतकऱ्यांना आपली खते वाचता येत नव्हती. आपणास ती वाचता येतात. या साक्षरतेचा उपयोग सही करण्यापूर्वी व्हावा.

४.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. १८७५ च्या उठावात शेतकऱ्यांनी कर्जखते का जाळली? कापसाच्या भावाशी त्याचा संबंध स्पष्ट करा.
२. ५,००० रुपये दरमहा शेकडा दोन दराने घेतले व दर तीन वर्षांनी थकीत व्याज मुद्दलात मिळवले, तर सहा वर्षांनी देणे किती होईल? दामदुप्पट नियमाने ते जास्तीत जास्त किती असू शकेल?
३. ‘कर्ज फेडणे हीदेखील एक गुंतवणूक आहे.’ या विधानाची चर्चा करा.

उपक्रम : आपल्या कुटुंबातील एका चालू कर्जाचा करार मिळवा. त्यातील मुद्दल, वार्षिक प्रत्यक्ष दर, दंडव्याज, मुदत व जामीनदार यांची नोंद करा आणि ती घरातील सर्वांना वाचून दाखवा.